छकडं तेच, जोडी नवी

आमची जीप चावी फिरवून बंद होत नाही. नवखा माणूस हमखास फसतो. तो चावी काढून खिशात टाकतो, खाली उतरतो, आणि गाडी मागे धडधडत उभीच. मग तो माझ्याकडे बघतो. मी आत हात घालून स्टिअरिंगखालची एक काळी गुंडी ओढते. गुंडीची तार डिझेल पंपापर्यंत गेलेली आहे. डिझेल तुटतं, इंजिन दोन गचके देतं आणि गप्प होतं.

कारण साधं आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, आणि चावी म्हणजे त्या ठिणगीचा स्विच. डिझेलला ठिणगी लागतच नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. ते थांबवायचं तर फवाराच बंद करावा लागतो. आमच्या डॅशबोर्डवर चावी पेट्रोलच्या काळातली आहे आणि गुंडी डिझेलच्या. गाडी १९६८ची, हे इंजिन तिच्यात १९९३ साली आलं, आणि मी त्यानंतर तीन वर्षांनी.

आमचं घर बाळापूरला, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमापासून चालत दहा मिनिटांवर. गावात किल्ला आहे, नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाची छत्री आहे. शाळेच्या सहलीला बाहेरची मुलं येत, तेव्हा आम्हाला गंमत वाटायची, कारण आम्ही तिथे रोजच खेळायचो. जुन्या वस्तूबद्दल आदर वगैरे आम्हाला कोणी शिकवला नाही. जुनं होतं, आणि ते वापरात होतं.

आता मी पुण्यात असते. कॉम्प्युटरवर इंजिन माउंटिंगची डिझाइन्स करते, म्हणजे इंजिन आणि चॅसिसच्या मध्ये जे रबर बसतं, त्याची. २०२०च्या लॉकडाउनमध्ये घरी आले होते. माडीवर पडून फोन चाळताना एक व्हिडिओ लागला. अमेरिकेतली ड्रॅग रेस. एक बुटकी, गोल पाठीची, लाल रंगाची जुनी कार, तोंड वर उचललेलं, बॉनेट फोडून बाहेर आलेलं इंजिन. दिवा हिरवा झाला, पुढची चाकं जमिनीवरून उठली आणि पुढच्या काही सेकंदांत ती दिसेनाशी झाली. खाली लिहिलं होतं : १९४१ विलीज.

मी उठून बसले. विलीज? आमच्या दारातल्या जीपच्या बनावटीला बाबा विलीजच म्हणतात.

त्या रात्री मी बरंच वाचलं. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावर, उभ्या जागेवरून, पाव मैल. १३२० फूट, आपल्या हिशोबात सुमारे ४०२ मीटर. वळणं नाहीत, डावपेच फारसे नाहीत. सुटायचं आणि पोचायचं. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. १९५० आणि ६०च्या दशकात अमेरिकेत या शर्यतींचा एक वर्ग फार गाजला. त्यातल्या गाड्यांना ‘गॅसर’ म्हणत. अमेरिकन माणूस पेट्रोलला गॅस म्हणतो. खास रेसिंगचं रासायनिक इंधन न वापरता पंपावरच्या पेट्रोलवर पळणाऱ्या, अंगानं रस्त्यावरच्या कारसारख्याच दिसणाऱ्या या गाड्या. आणि त्यात सगळ्यांची लाडकी होती विलीज कूपे, कारण ती लहान आणि हलकी होती. वजन टनाच्या आसपास, आणि भंगारच्या भावात मिळायची.

पण तिचं इंजिन मात्र कोणालाच नको होतं. चार सिलिंडर, ६३ अश्वशक्ती. पोरं गाडी घ्यायची, ते इंजिन उचलून कोपऱ्यात टाकायची आणि त्या जागी आठ सिलिंडरचं ओल्ड्समोबील, शेवरले किंवा क्रायस्लरचं धूड बसवायची. काही इंजिनं पाचशे अश्वशक्तीच्याही वर जात. नियम असा होता की इंजिन मागे सरकवायचं तर व्हीलबेसच्या दहा टक्क्यांपर्यंतच, म्हणजे या कारमध्ये जेमतेम दहा इंच. वजन मागच्या चाकांवर आलं की पकड वाढते, म्हणून गाडीचं नाक उंच ठेवलेलं. स्टोन, वूड्स आणि कुक या त्रिकुटाची ‘स्विंडलर’ ही त्यातली सगळ्यात नावाजलेली विलीज. तिच्यात आधी ओल्ड्समोबीलचं इंजिन होतं, पुढे क्रायस्लरचं हेमी आलं. म्हणजे बदललेलं इंजिनही पुन्हा बदललं.

आता मला झोप न येण्याचं कारण सांगते. कोपऱ्यात टाकलेलं ते ६३ अश्वशक्तीचं इंजिन आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं इंजिन मुळात एकच आहे. १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २२०० सीसी. पुढे विलीजनं त्याच इंजिनाचं डोकं बदललं, आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह बाजूला होते ते वर नेले, ताकद वाढवली आणि त्याला ‘हरिकेन’ नाव दिलं. महिंद्रानं मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, आणि पुढे त्यांच्या ज्या उंच बॉनेटच्या पेट्रोल जीप गावोगाव पोचल्या, त्यांत हे हरिकेन होतं. आमच्या जीपमध्येही तेच होतं. ते आज आमच्या गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली पडलेलं आहे. त्याच्यावर बसून आईच्या कोंबड्या पंख साफ करतात.

म्हणजे तिकडे कॅलिफोर्नियात पोरांनी जे इंजिन काढून टाकलं, त्याच्याच पुढच्या पिढीचं इंजिन इकडे बाळापुरात माझ्या बापानं काढून टाकलं.

सकाळी बाबांना व्हिडिओ दाखवला. आधीच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजवा हात कमी चालत होता, पण नजर आणि जीभ शाबूत होती. त्यांनी तीनदा बघितला.

“हा तं पटच झाला वं,” ते म्हणाले.

खरंच होतं. शंकरपट आणि ड्रॅग रेस यात फरक तो काय? सरळ पट्टा, उभ्या जागेवरून सुटणं, हातात घड्याळ, सेकंदाच्या तुकड्यावर निकाल. आमच्या वऱ्हाडात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. तरुणपणी बाबा अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाला जीप घेऊन जायचे, चार मित्र कोंबून. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा ते आठवडाभर चिडलेले होते. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा त्यांनी मला पुण्याला फोन करून ती बातमी वाचून दाखवली होती.

“पण बाबा, गाडी जुनी आणि इंजिन दुसरंच, याला काय म्हणाचं?”

“त्यात काय म्हणाचं? छकडं तेच, जोडी नवी.”

माझ्या डोक्यात तेव्हा हे वाक्य शिरलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं.

२०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला विंटेज म्हणून नोंदवता येईल, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतील. नवीन नोंदणीला २०,००० रुपये. अट एकच महत्त्वाची : गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यात मोठा फेरफार झालेला नको.

आमची गाडी वयात बसत होती, इंजिनात नापास होत होती. शिवाय ते डिझेल आता थकलं होतं. कॉम्प्रेशन उतरलेलं, थंडीत चालू करायला दोन माणसांचा धक्का, आणि चालू झालं की निळा धूर. मी आरसी बुक काढलं. त्यात मूळ इंजिन नंबर लाल शाईनं काटलेला, बाजूला नवा नंबर, इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’, खाली सही आणि शिक्का. बाबांनी रीतसर नोंद करून घेतली होती. मी कडुनिंबाखाली जाऊन ब्लॉकवरची माती घासली. लाल शाईनं काटलेला नंबर हाच.

मग बेत ठरला. हरिकेन उघडायचं, बोअर करून घ्यायचं, पुन्हा गाडीत बसवायचं. पुण्यातला एक हौशी माणूस फोटो बघून म्हणाला होता, मूळ इंजिन चालू करून द्या, मी गाडी घेतो. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीतून उठले होते. बाबांची फिजिओथेरपी चालू होती, बागेच्या विहिरीला गाळ काढायचा होता. आकडा नाकारण्यासारखा नव्हता.

ज्यांनी १९९३ला डिझेल बसवलं ते चाचा अजून आहेत. आता गॅरेज त्यांचा मुलगा बघतो, चाचा दारात खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना विचारलं, उलटं करायचं तर कसं करायचं?

“बेटा, निकालना आसान है,” ते म्हणाले. “आधी बसवलं कसं ते ऐक.”

त्यांनी सांगितलेलं मी डिझायनरच्या कानानं ऐकलं, म्हणून इथे लिहिते.

पातूरच्या घाटात एक डिझेल जीप उलटली होती. चाचांनी तिचं इंजिन घेतलं, प्यूजोच्या लायसन्सवर महिंद्रानं बनवलेलं एक्सडीपी ४.९०. या आकड्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. एकूण २११२ सीसी. पण नुसतं इंजिन घेऊन भागत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बेल हाउसिंग असतं, त्याची बोल्टची भोकं जुन्या गिअरबॉक्सशी जुळत नव्हती. म्हणून गिअरबॉक्सही त्याच गाडीचा उचलला. मग प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकली. ती कापून वेल्ड करून घेतली. खाली ऑइल चेंबर पुढच्या अॅक्सलला घासू लागला, म्हणून इंजिन वर उचललं. मागे फायरवॉल आडवी आली, म्हणून पुढे सरकवलं. पुढे सरकवलं तर पंखा रेडिएटरला लागला. रेडिएटर पुढे घेतला. डिझेलचं वजन जास्त, पुढची बाजू बसली, म्हणून कमानीला एकेक पाटा वाढवला. मोठी बॅटरी, हीटर प्लग, टाकीकडे परत जाणारी डिझेलची दुसरी नळी, आणि ती काळी गुंडी.

“सगळं सरळ आहे हे कसं पाहिलंत?” मी विचारलं.

“धागा,” चाचा म्हणाले. मागच्या डिफरन्शियलपासून क्रँकच्या मध्यापर्यंत सुती धागा ताणला, आणि वरून ओळंबा सोडला.

आणि माउंटिंगचं रबर? ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून. पहिल्यांदा गाडी चाळिसाच्या वेगाला अशी थरथरली की आरसे फिरले. मग तुकडे जाड करून पाहिले, पातळ करून पाहिले. पाचव्या वेळी जमलं. मी जे काम सॉफ्टवेअरमध्ये कडकपणाचे आकडे बदलून करते, तेच. ते टायरचे तुकडे आजही गाडीत आहेत. परत आल्यावर मी खाली वाकून ते बघितले. माझ्या हाताखालून गेलेलं एकही माउंटिंग अजून तितक्या वर्षांचं झालेलं नाही.

एक गोष्ट मला फार खटकली होती, ती मी चाचांना बोलून दाखवली. जुन्या पेट्रोलची ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती, या डिझेलची ६२च्या आसपास. पेट्रोलचा स्ट्रोक १११ मिलिमीटर, डिझेलचा ८३. म्हणजे खालच्या वेगाला ओढसुद्धा जुन्याचीच जास्त. एवढा खटाटोप करून गाडी हळूच झाली की!

“हां, धीमी हुई,” चाचा म्हणाले. “लेकिन रुकी नहीं.”

मग त्यांनी बॉनेटकडे बोट दाखवलं. ही इतकी उंच आहे म्हणून माझं इंजिन आत मावलं, म्हणाले. बुटक्या बॉनेटच्या आधीच्या जीपमध्ये मावलं नसतं.

हे ऐकून मी गप्पच झाले, कारण बॉनेट उंच का, याचं उत्तर मी वाचलेलं होतं. हरिकेनचे व्हॉल्व्ह वर गेल्यामुळे ते इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली बसेना. म्हणून १९५३ साली विलीजनं बॉनेट आणि जाळी उंच करून सीजे-३बी हे मॉडेल काढलं. म्हणजे मी ज्याला ‘मूळ रूप’ म्हणत होते, तेच मुळात एका वेगळ्या इंजिनासाठी वाढवलेलं रूप होतं. कंपनीनं केलं म्हणून मॉडेल, आणि चाचांनी केलं म्हणून फेरफार.

घरी येऊन मी पुन्हा त्या गॅसरांबद्दल वाचत बसले. आज अमेरिकेत लोक हौसेनं त्या गाड्या दुरुस्त करतात, जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पळवतात. आणि तेव्हा लक्षात आलं की ते मूळ रूप कशाला म्हणतात. एखादी नावाजलेली विलीज सापडली तर तिच्यात ६३ अश्वशक्तीचं कंपनीचं इंजिन परत कोणी बसवत नाही. तसं केलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. तिच्यात तेच ओल्ड्स किंवा हेमी शोधून बसवतात, ज्यावर ती पळली. कारखान्यातून जशी निघाली ते तिचं रूप नव्हेच. जे काम तिनं केलं, ते तिचं रूप.

तरीही आकडा डोक्यातून जात नव्हता. जेवताना मी बाबांसमोर विषय काढला. व्हीए नंबरचं सांगितलं, पुण्याच्या माणसाचं सांगितलं, नियम वाचून दाखवले. त्यात हेही होतं की विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही.

“मंग काय, पूजेले ठेवाची?” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, पैसे मिळतील.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. डाव्या हातानं घास घेत राहिले. मग म्हणाले, “त्र्याण्णवचं तुले मालूम नाई.”

मला माहीत नव्हतं. वाडेगावच्या बाजूला आमची लिंबाची बाग आहे, तीन एकर. तेव्हा पेट्रोलवर जीप लिटरला सात-आठ किलोमीटर द्यायची. अकोल्याच्या बाजारात माल नेऊन आलं की भाव मिळालेला पेट्रोलातच जायचा. म्हणून लिंबं जागेवरच व्यापाऱ्याला द्यावी लागत, तो म्हणेल त्या भावात. जीप दारात उभी. आजोबा म्हणाले, गाडी विक नाहीतर एक एकर विक, दोन्ही ठेवता येणार नाही. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास मिळायचं, आणि डिझेल इंजिन बारा-तेराचा अॅव्हरेज द्यायचं. बाबांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि चाचांकडे गेले.

“दोनी राह्यलं,” बाबा म्हणाले. “गाडीबी आन् वावरबी. पाटल्या दुसऱ्या सालीच सोडवल्या. पेट्रोलवाली गाडी माह्या बापाची होती, शौकाची. डिझेलवाली माही आहे. तू पुण्याले शिकाले गेली ते कोनाच्या भरवशावर?”

आई भाकरी थापता थापता थांबली होती. ती एवढंच म्हणाली, “इकाची असन तं इक. पन जशी आहे तशी इक.”

मी रात्री पुण्याच्या माणसाला मेसेज केला : गाडी डिझेलवरच राहील, घ्यायची का? त्यानं दोन दिवसांनी नाही म्हणून कळवलं, सभ्यपणे. त्याचं काही चुकलं नाही. त्याला १९६८ची जीप हवी होती. आमच्याकडे १९९३ची होती.

विहिरीचा गाळ त्या वर्षी राहिला. तो पुढच्या वर्षी माझ्या बोनसमधून काढला. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदाच्या ऐवजी दोनदा येऊ लागला, आणि ते मला आजही टोचतं. या निर्णयाची किंमत नव्हती असं मी म्हणणार नाही.

डिझेल इंजिन उतरवलं ते २०२३च्या दिवाळीत. चाचांच्या मुलानं उघडलं. लायनर झिजलेले, पिस्टनच्या रिंगा संपलेल्या, हेडला बारीक तडा. पार्ट अजून मिळतात, कारण हे इंजिन गावोगाव होतं. मी माउंटिंगसाठी पुण्याहून नवीन रबरं डिझाइन करून आणली होती, मापं घेऊन, आकडेमोड करून. चाचांनी ती हातात घेतली, नखानं दाबली, दाताखाली धरली.

“नरम है,” म्हणाले.

मी म्हटलं, चाचा, आकडे बरोबर आहेत.

बसवली. चाळिसाच्या वेगाला आरसे थरथरले. दुसऱ्या दिवशी मी जुने टायरचे तुकडे मुकाट्यानं परत लावले. पुण्यात जाऊन मग माझी चूक शोधली. मी वजन फक्त इंजिनाचं धरलं होतं. गिअरबॉक्सही त्याच माउंटिंगवर लोंबतो, हे विसरले होते. पुढच्या वेळी नवीन आणेन. तोवर ट्रकचा टायर.

हरिकेन अजून कडुनिंबाखालीच आहे. त्याला आम्ही स्टँड करून दिलं, खाली विटा घातल्या, वर पत्रा टाकला. बोअर करायचं ठरवलं तर कधीही करता येईल. कोंबड्या आता पत्र्यावर बसतात.

इंजिन बसवून झालं त्या संध्याकाळी बाबांना शेजारच्या सीटवर बसवलं. हीटर लावला, वीस मोजले, सेल्फ मारला. धक्क्याची गरज पडली नाही. अकोल्याच्या रस्त्यानं व्याळ्याच्या बाजूला चारेक किलोमीटर जाऊन आलो. मी साठाच्या वर नेली नाही, नेताही आली नसती. मागून ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. बाबा बाहेर कपाशी बघत होते, कोणाची किती फुटली ते सांगत होते.

दारात आल्यावर मी चावी फिरवून काढली. गाडी धडधडत राहिली. मी गुंडीकडे हात नेला, तेवढ्यात बाबांनी उजवा हात उचलला. तो हात हळूहळू, थरथरत, डॅशबोर्डखाली गेला. गुंडी सापडायला वेळ लागला. मी थांबले. इंजिन चालू होतं, डिझेल जळत होतं, आणि आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.

मग त्यांनी ओढली.